मराठी प्रकाशकांना खुलं पत्र: आतल्या पानाच्या अक्षराकडे बघा

मराठी ग्रंथांचे प्रकाशक आणि दिवाळी अंकांचे संपादक यांना,

सप्रेम नमस्कार.

मी मुद्रितशोधनाचं, म्हणजे प्रूफं तपासण्याचं, काम करते. लेखक आणि संपादक यांच्या हातून मजकूर सुटला की त्यातला प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी, प्रत्येक रफार माझ्या डोळ्यांखालून जातो. त्यामुळे एक गोष्ट मला रोज दिसते आणि रोज खटकते. मराठीत आज चांगलं लिहिलं जातंय, अनुवाद जोमात आहेत, मुखपृष्ठं देखणी होताहेत, कागदही पूर्वीपेक्षा बरा मिळतो. पण चारशे पानांचा मजकूर ज्या अक्षरात लावायचा, ते अक्षर निवडायला मात्र कुणाकडेच वेळ नसतो. मुखपृष्ठाचे चार-चार नमुने तुम्ही चित्रकाराकडून करून घेता, त्यावर बैठका होतात. आतल्या पानाचा फाँट कोणता, हा प्रश्न त्या बैठकीत निघतच नाही. तो डीटीपी करणाऱ्यावर, म्हणजे संगणकावर पानं लावणाऱ्यावर, सोडलेला असतो. त्याच्याकडे मागच्या पुस्तकाची तयार फाइल असते, तिच्यात नवा मजकूर ओतला जातो, आणि वैचारिक ग्रंथ, कादंबरी, आत्मचरित्र, पाककृती सगळं एकाच साच्यातून बाहेर पडतं.

म्हणून हे पत्र. माझं मागणं असं आहे: लांब पल्ल्याचं गद्य पारंपरिक वळणाच्या, जाड-बारीक रेघेच्या, मराठीसाठी घडवलेल्या अक्षरात लावा. त्या अक्षराला पुरेसा आकार द्या, ओळींमध्ये पुरेशी जागा द्या. आणि त्या अक्षराचं नाव पुस्तकात छापा.

इंग्रजी पुस्तकं लांब वाचनासाठी सेरिफ अक्षरात, म्हणजे रेघांच्या टोकांना छोटे फराटे असलेल्या अक्षरात, लावतात हे आपण सगळे बघतो. देवनागरीत सेरिफ नाहीत, आणि ते ओढूनताणून आणायची गरजही नाही. डोळ्याला आधार देण्याचं काम आपल्याकडे बोरूने करून ठेवलं आहे. तिरका कापलेला बोरू एका दिशेने ओढला की रेघ भरीव येते, दुसऱ्या दिशेने ओढला की बारीक. ‘क’चं पोट बारीक रेघेने सुरू होतं, वळणावर फुगतं, आणि पुन्हा निमुळतं होत दंडाला येऊन मिळतं. पोथ्या लिहिणाऱ्यांच्या हातातलं हे वळण पुढे छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांत, म्हणजे अक्षरांच्या सुट्या ठशांत, उतरलं आणि आपण त्यालाच पुस्तकाचं अक्षर म्हणून ओळखायला लागलो.

हा नुसता डौलाचा प्रश्न असता तर मी एवढं लांबलचक लिहिलं नसतं. देवनागरीतली बरीचशी अक्षरं एकाच सांगाड्यावर उभी आहेत. वर शिरोरेखा, उजवीकडे उभा दंड. प, ष, य, थ, घ, ध, म, भ यांत वेगळेपण आहे ते डावीकडच्या छोट्याशा भागात. ‘घर’ आणि ‘धर’, ‘भर’ आणि ‘मर’ यांतला फरक तर शिरोरेखेतल्या एका फटीवर आणि एका गाठीवर उभा आहे. सगळीकडे एकाच जाडीची रेघ असलेला फाँट लहान आकारात छापला की ती फट शाईने बुजते, गाठीचा ठिपका होतो आणि वाचणारा संदर्भावरून अंदाज बांधत पुढे जातो. एखाद्या ओळीपुरतं हे चालून जातं. शंभर पानं तसंच करावं लागलं की डोळे शिणतात. वाचकाला त्याचं कारण कळत नाही. तो म्हणतो, पुस्तक जरा जडच आहे. दोष लेखकाच्या माथी जातो.

जाड-बारीक रेघेचं अक्षर नेमकं इथे उपयोगी पडतं. भरीव भाग अक्षराचा आकार दुरूनही सांगतो, बारीक भाग पोटात पांढरी जागा राखतो. ‘ष्ट’, ‘द्ध’, ‘क्ष’, ‘ट्ठ’ अशा दाटीच्या जोडाक्षरांत ही पांढरी जागाच आपल्याला वाचवते. एकरेघी अक्षर वाईट असतं असं मी म्हणत नाही. रस्त्यावरच्या पाटीसाठी, फोनच्या पडद्यावरच्या बटणासाठी, तक्त्यातल्या आकड्यांसाठी ते उत्तम आहे. त्याच्यावर कादंबरीचं ओझं टाकू नये, इतकंच.

हे सगळं आपल्याच घरात होतं, म्हणून जास्त वाईट वाटतं. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे खिळे पाडले. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापण्याच्या यंत्रावर, पंचांग छापलं. त्याच मिशनच्या छापखान्यात जावजी दादाजी चौधरी नावाचा गरीब घरातला मुलगा खिळे घासण्याच्या कामाला लागला. १८३९ चा जन्म, शाळा जवळजवळ नाहीच. पुढे १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. अक्षरांचे ठसे कोरायला त्यांच्या जोडीला होते राणोजी रावजी आरू. मराठी छपाईच्या इतिहासात राणोजींच्या वाट्याला फार थोडी वाक्यं येतात, याची मला खंत आहे. कारण आज ज्याला आपण ‘निर्णयसागर वळण’ म्हणतो ते त्यांच्या छिन्नीतून उतरलं.

शक्य असेल त्यांनी एखाद्या जुन्या ग्रंथालयात जाऊन निर्णयसागरचं एखादं पुस्तक हातात घ्यावं. मुखपृष्ठावर ‘तुकाराम जावजी’ किंवा ‘पांडुरंग जावजी’ असं नाव आणि कोलभाट गल्लीचा पत्ता दिसला की ओळखावं. १८८६ पासून निघालेल्या ‘काव्यमाला’ या संस्कृत ग्रंथमालेतली पुस्तकं त्यासाठी सगळ्यांत चांगली. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी संपादित केलेली. एकाच पानावर वर मूळ श्लोक मोठ्या अक्षरात, खाली टीका लहान अक्षरात, आणि तळाला पाठभेद त्याहून लहान अक्षरात. कागद पिवळा पडून कडा तुटायला आलेल्या असतात, तरी तळटीप आजही वाचता येते. ती का वाचता येते, ते भिंगाखाली धरलं की कळतं. लहान अक्षर हे मोठ्या अक्षराचं यंत्राने आक्रसलेलं रूप नाही. लहान आकारासाठी ठसा वेगळा कोरलेला आहे: पोट थोडं रुंद, बारीक रेघ किंचित भरलेली, रफार आणि अनुस्वार एकमेकांपासून सोडवून ठेवलेले. संस्कृतचे अभ्यासक, इथले आणि परदेशातलेही, पिढ्यान् पिढ्या या आवृत्त्यांवर अवलंबून राहिले. त्या इतक्या नीट लागलेल्या होत्या की पुढे अनेक पुस्तकं नव्याने न जुळवता त्याच पानांचे फोटो काढून छापली गेली.

खिळ्यांच्या काळात अडचणी नव्हत्या असं नाही. मराठी जुळवायला शेकडो वेगवेगळे खिळे लागत. लोकमान्य टिळकांनी केसरीसाठी ती संख्या कमी करण्याचा खटाटोप केला, सावरकरांनी ‘अ’चीच बाराखडी (अि, अी, अु, अू) वापरण्याचा आग्रह धरला, त्यामागे छपाईची सोय हे एक मोठं कारण होतं. त्या काळातली मोठी माणसं अक्षराच्या प्रश्नात जातीने लक्ष घालत होती. मुद्रणतज्ज्ञ बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा खंडात्मक ग्रंथ १९७१ मध्ये राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने काढला. गिरगावात खटाववाडीतल्या मौज प्रिंटिंग ब्यूरोत संपादक श्री. पु. भागवतांच्या देखरेखीखाली लागलेली पानं ज्यांनी वाचली आहेत, त्यांना समास, ओळींमधलं अंतर आणि निर्दोष मुद्रितं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणजे आपल्याला हे जमत नव्हतं असं नाही. जमत होतं, आणि आपण ते मधल्या काळात टाकून दिलं.

टाकलं कधी? संगणक आला तेव्हा. त्यात संगणकाचा दोष कमी आणि आपल्या घाईचा जास्त. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम या सॉफ्टवेअरनी नव्वदच्या दशकात मराठी प्रकाशन उभं ठेवलं, हे मान्यच करायला हवं. त्यांच्याशिवाय त्या काळात पुस्तकं निघालीच नसती. पण त्या फाँटमध्ये जागा मोजक्या होत्या, त्यामुळे जोडाक्षरं तुकडे जोडून बनवावी लागत. शिवाय खिळा कागदावर दाबला जायचा तेव्हा शाई थोडी पसरायची आणि बारीक रेघ आपोआप भरायची. आजच्या ऑफसेट छपाईत तसं होत नाही. खिळ्याच्या रेखाटनावरून जसंच्या तसं उतरवलेलं अक्षर ऑफसेटवर छापलं की बारीक रेघा पुसट होतात, क्रीम रंगाच्या फुगीर कागदावर तर कुठे कुठे तुटतातच. मग कुणीतरी उपाय काढतं: मजकूर थोडा ठळक करू या. त्याने पोटं बुजतात.

आणि मग ती एक खोड, जिच्यामुळे माझा जीव सर्वांत जास्त कासावीस होतो. पानं कमी बसवायची म्हणून अक्षराची रुंदी नव्वद टक्के केली जाते, कधी पंच्याऐंशी. करणाऱ्याला वाटतं, दहा टक्क्यांनी काय बिघडतं? बघा काय बिघडतं. रुंदी दाबली की उभा दंड बारीक होतो, कारण त्याची जाडी आडवी मोजली जाते. शिरोरेखेची जाडी उभी, ती आहे तेवढीच राहते. सगळं पान वरून काळ्या आडव्या पट्ट्यांनी भरल्यासारखं दिसतं आणि खालची अक्षरं त्या पट्ट्यांखाली चेंगरतात. अक्षर घडवणाऱ्याने दंड आणि शिरोरेखा यांचं जे प्रमाण महिनोन् महिने बसवलेलं असतं, ते एका आकड्याने मोडलं जातं. दाबलेलं अक्षर मी एका नजरेत ओळखते. वाचकाला ओळखता येत नाही, त्याला फक्त दहाव्या पानावर जांभई येते.

ओळींमधल्या अंतराचंही तसंच. रोमन लिपीच्या सवयीने बारा पॉइंटच्या अक्षराला (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप) साडेचौदाचं अंतर दिलं जातं. रोमन अक्षराच्या वर-खाली फारसं काही नसतं. आपल्या अक्षराला वर आणि खाली दोन्हीकडे मजले आहेत. ‘मूर्तींना’ हा साधा शब्द घ्या: ‘ती’वर वेलांटीचा फराटा, त्यावर रफार, त्याच्याही शेजारी अनुस्वार, आणि ‘मू’खाली दीर्घ उकार. वरच्या ओळीत ‘बुद्धू’सारखं खाली उतरणारं काही आलं आणि त्याच्याच खाली ‘मूर्तींना’ आला, की दोन ओळी एकमेकींत अडकतात. एका नव्या पुस्तकाच्या मुद्रितात मी अशा ठिकाणी अंतर वाढवायची खूण करत गेले. ती प्रत माझ्याकडे परत आली तेव्हा अंतर तेवढंच होतं. रफार मात्र खाली ओढून अनुस्वाराला चिकटवला होता. पुस्तक तसंच बाजारात गेलं. कुणाचं ते सांगण्याचं कारण नाही, कारण असं करणारे ते एकटे नाहीत.

आता मराठीच्या स्वतःच्या गरजा. देवनागरी फाँट म्हणून जे मिळतात त्यांतले अनेक हिंदी डोळ्यासमोर ठेवून घडवलेले असतात. हिंदीच्या वळणाशी माझं भांडण नाही. पण आपला ‘ल’ पाकळीचा आहे, उभ्या दंडाचा नाही, आणि आपल्या ‘श’ला देठ आहे. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमाला ठरवली आणि १० नोव्हेंबर २०२२ च्या सुधारित निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ स्वीकारले. शाळेतलं मूल एक ‘ल’ गिरवणार आणि गोष्टीच्या पुस्तकात दुसरा वाचणार, हे बरं नाही. अनेक चांगल्या युनिकोड फाँटमध्ये दोन्ही वळणं ठेवलेली असतात. मजकुराची भाषा सॉफ्टवेअरमध्ये ‘मराठी’ अशी निवडली की मराठी वळण आपोआप येतं. ती निवड कुणी करत नाही. भाषा हिंदी किंवा इंग्रजीच राहते, आणि चारशे पानं परक्या वळणात छापली जातात. ही एका क्लिकची गोष्ट आहे. कृपा करून तुमच्या डीटीपीवाल्यांना आजच सांगा.

दुसरं, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेताना ‘शेतकऱ्यांनी’चं ‘शेतकर्यांनी’ होतं, ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’ होते. हे मी एकेका पुस्तकात ढिगाने दुरुस्त करते. फाँट चांगला असेल तर हा अर्धा ‘र’ पुढच्या अक्षराला सुबक बिलगतो. नसेल तर मध्ये फट पडते किंवा पाय मोडका ‘ऱ्’ उभा राहतो. तिसरं, ‘ॲ’. ‘ॲसिड’, ‘ॲड्रेस’, ‘ॲप’ हे शब्द आता प्रत्येक कादंबरीत आहेत. युनिकोडमध्ये हे अक्षर २००८ पासून स्वतंत्र आहे, तरी काही फाँटमध्ये त्याच्या जागी चौकोन येतो किंवा चंद्र ‘अ’वर तिरका तरंगतो. मजकुरासाठी अक्षर पारखताना कादंबरीचं सुंदर पहिलं वाक्य लावून बघू नका. ‘मूर्तींना’, ‘शेतकऱ्यांच्या’, ‘ॲसिड’, ‘उद्ध्वस्त’, ‘वाङ्मय’, ‘स्वातंत्र्योत्तर’ हे शब्द लावून बघा. अक्षराची खरी परीक्षा तिथे होते.

‘पण चांगली अक्षरं आहेत कुठे?’ असं मला विचारलं जातं. आहेत, आणि त्यांतली काही फुकट आहेत. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ हे मराठी मजकुरासाठीचं अक्षर करून घेतलं आणि सर्वांना खुलं केलं. आपल्या करातून झालेलं हे काम किती मराठी पुस्तकांत वापरलं जातं, हे तुम्ही आपापल्या यादीत बघा. मुंबईच्या आयआयटीने त्याच अक्षरावरून संस्कृत ग्रंथांसाठी ‘शोभिका’ हा फाँट सिद्ध केला, तोही खुला. त्यात दाट जोडाक्षरं फार व्यवस्थित आहेत. हार्वर्ड विद्यापीठाच्या मूर्ती क्लासिकल लायब्ररीची पहिली पुस्तकं २०१५ मध्ये आली. त्या ग्रंथमालेसाठी कॅनडातल्या टायरो टाइपवर्क्सने देवनागरी अक्षर घडवलं. फिओना रॉस आणि जॉन हडसन या कामातली मोठी नावं. पुढे तेच अक्षर हिंदी, संस्कृत आणि मराठी अशा तीन वेगळ्या रूपांत खुलं झालं. ‘टायरो देवनागरी मराठी’ या नावाने ते कुणालाही उतरवून घेता येतं. त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत, पोटं मोकळी आहेत, अक्षराला रुंदी दिली आहे, आणि पानावर बघताना जुन्या खिळ्यांची आठवण येते. माझ्या मते आज लांब गद्यासाठी फुकट मिळणाऱ्यांत ते सर्वांत वाचनीय आहे. त्याची एक उणीव सांगायला हवी: त्यात ठळक वजन, म्हणजे जाड रेघेचं रूप, नाही. प्रकरणांची शीर्षकं आणि मजकुरातले ठळक शब्द यांसाठी दुसरं अक्षर जोडावं लागतं. संगणकाने खोटंखोटं ठळक करू देऊ नका, त्यापेक्षा शीर्षक मोठ्या आकारात साधंच ठेवा. जुन्या पुस्तकांत तसंच करत आणि ते शोभायचं.

कॅनडात बसून कुणीतरी मराठीसाठी इतकं नेमकं अक्षर घडवतं, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. तरी आपल्याकडेही ही जाण आहे. आयआयटीत शिकवणाऱ्या र. कृ. जोशींनी सुलेखनापासून संगणकापर्यंत देवनागरीचा विचार केला. विंडोज २००० पासून घराघरांत पोचलेला ‘मंगल’ हा फाँट त्यांचाच. पण मंगल पडद्यासाठी होता, खिडक्या, यादी, बटणं यांत बसेल असा. त्यात पुस्तकं छापणं म्हणजे त्या अक्षरावर आणि वाचकावर एकाच वेळी अन्याय आहे. मुंबईच्या एक टाइपने ‘मुक्त’ आणि ‘बलू’सारखी अक्षरं दिली, तीही आपापल्या जागी उत्तम आहेत. जाहिरात, मथळा, फोनचा पडदा इथे त्यांना तोड नाही. मराठी मजकुरासाठी दोन-तीन वजनांचं, लहान-मोठ्या आकारांसाठी वेगवेगळं रेखाटलेलं असं एक पारंपरिक वळणाचं फाँट-कुटुंब मात्र अजून व्हायचं आहे. तुमच्यापैकी पाच-सहा मोठ्या संस्थांनी मिळून ते करून घ्यायचं ठरवलं, तर करू शकणारी माणसं याच राज्यात आहेत. एकेकट्याला हा खर्च जड वाटेल. वाटून घेतला तर एका मोठ्या प्रकाशन समारंभाइतकाही प्रत्येकाच्या अंगावर येऊ नये.

खर्चाचं निघालंच आहे तर सरळ हिशेबाने बोलू. समजा, तुमचं डेमी आकाराचं पुस्तक २४० पानांचं आहे, पानावर ३४ ओळी. सोळा पानांचा फॉर्मा धरला तर १५ फॉर्मे. मी म्हणते तसं अंतर वाढवून पानावर ३० ओळी घेतल्या, तर तोच मजकूर २७२ पानांत बसेल, म्हणजे १७ फॉर्मे. दोन फॉर्म्यांचा कागद आणि छपाई वाढेल. हा खर्च खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण त्याच पुस्तकात प्रत्येक प्रकरण उजव्या पानावरच सुरू करण्याच्या नियमाने किती कोरी पानं जातात, शेवटी आपल्याच इतर पुस्तकांच्या जाहिरातींना किती जातात, हे एकदा मोजा. अर्धा फॉर्मा तिथेच सापडतो. उरलेल्या दीड फॉर्म्याची किंमत छापील किमतीत मिळवली तरी वाचक कुरकुरणार नाही. तो कुरकुरतो ते पुस्तक वाचवत नाही तेव्हा.

आणि वाचक कोण आहे? गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत दुपारी जाऊन बघा. वर्गणी भरून नेमाने पुस्तकं नेणाऱ्यांत साठी ओलांडलेले लोक मोठ्या संख्येने दिसतील. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेलं असतं. माझी आत्या आयुष्यभर वाचत आली. आता ती पुस्तक आणलं की आधी मधलंच एखादं पान उघडते, हात लांब करून धरते, आणि अक्षर झेपत नसेल तर लेखक कोण हेही न बघता परत करते. तिने परत केलेल्या पुस्तकांत फार चांगली पुस्तकं होती. तुमच्या लेखकाने त्यासाठी चार वर्षं घातलेली असतात. दुसऱ्या टोकाला इंग्रजी माध्यमातली मुलं आहेत. त्यांना मराठी वाचायला मुळातच कष्ट पडतात. त्यांच्या हातात दाबलेलं, चिकटलेलं अक्षर दिलं की ती पुस्तक मिटतात आणि पुन्हा उघडत नाहीत.

ई-पुस्तकांबद्दल थोडक्यात. फोनवर आणि वाचनयंत्रावर मराठी मजकूर बहुतेक वेळा यंत्राच्या आपल्या एकरेघी अक्षरात दिसतो. खुल्या परवान्याचा फाँट पुस्तकाच्या फाइलीतच बसवून देता येतो. दिवाळी अंकांच्या डिजिटल आवृत्त्यांमध्ये नुसत्या छापील पानांची चित्रं चिकटवून विकणं तर थांबवाच. फोनवर ती बोटांनी ताणत ताणत कथा वाचणं हा वाचकाचा छळ आहे.

छपाईच्या बाजूच्या आणखी दोन गोष्टी मला सांगायच्या आहेत, कारण चांगलं अक्षर निवडूनही त्या चुकल्या तर सगळं वाया जातं. मराठी शब्द लांब असतात. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं एकमेकांना जोडत ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ होतं. दोन्ही कडा सरळ ठेवायच्या हट्टाने अशा शब्दाला पुढच्या ओळीत ढकललं की मागच्या ओळीत शब्दांमध्ये भगदाडं पडतात. काही जण मग अक्षरांमध्येच जागा सोडतात, आणि शिरोरेखा तुटते. शिरोरेखा कधीही तोडू नये. खिळे जुळवणारे कंपोझिटर शब्द योग्य जागी फोडून ओळीच्या शेवटी संयोगचिन्ह देत. ते आजही करता येतं, त्यासाठी एक बैठक जास्त लागेल. दुसरी गोष्ट, इंडिझाइन या पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं नीट जुळण्यासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा पर्याय निवडावा लागतो. तो निवडलेला नसला की रफार भलत्याच अक्षरावर जातो आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते. मग वैतागून लोक पुन्हा जुन्या फाँटकडे वळतात आणि म्हणतात, युनिकोड पुस्तकासाठी चालत नाही. युनिकोड उत्तम चालतं. ती एक खूण करायची राहिलेली असते.

तुमच्याकडून मला काय हवंय, ते आता सरळ सांगते. पुढचं पुस्तक लावायला घ्याल तेव्हा पहिल्या प्रकरणाची दोन पानं तीन वेगवेगळ्या अक्षरांत लावून घ्या. पडद्यावर बघू नका. ज्या कागदावर पुस्तक छापणार त्याच कागदावर ती छापा, आणि ऑफिसातल्या तरुण माणसांना न दाखवता सत्तरीच्या एखाद्या वाचकाच्या हातात द्या, संध्याकाळच्या उजेडात. आकाराचा निर्णय पॉइंटच्या आकड्यावरून घेऊ नका, कारण एका फाँटचे तेरा पॉइंट दुसऱ्याच्या पंधरांइतके दिसतात, डोळ्याने ठरवा. अंतर आकाराच्या दीडपटीच्या आसपास ठेवून सुरुवात करा आणि तिथून कमी-जास्त करा. रुंदी शंभर टक्क्यांवरून हलवू नका, काही झालं तरी.

आणि प्रकाशनाच्या तपशिलांच्या पानावर, जिथे मुद्रक, मुखपृष्ठकार आणि अक्षरजुळणी करणाऱ्याचं नाव येतं, तिथे एक ओळ वाढवा: या पुस्तकाचा मजकूर कोणत्या अक्षरात, कोणत्या आकारात लावला आहे आणि ते अक्षर कोणी घडवलं. नाव छापायचं म्हटलं की आधी ते माहीत करून घ्यावं लागतं, आणि माहीत करून घेताना निवड आपोआप होते. राणोजी आरूंचं नाव आज फार थोड्या वाचकांना माहीत आहे. आजच्या घडवणाऱ्यांच्या बाबतीत तसं होऊ नये.

नमुन्याची पानं वाचून बघायला कुणी हवं असेल तर मी तयार आहे. माझ्यासारखी मुद्रितं तपासणारी आणखी दोघं-तिघंही तयार आहेत. त्याचं मानधन आम्हाला नको. पानं मात्र कागदावर छापूनच पाठवा.

कळावे,

आपली,
एक मुद्रितशोधक, पुणे